वेटिंग एक, गैरहजर

माझ्या मुलीचं नाव पुकारलं तेव्हा ती हॉलच्या दारात उभी होती. हातात ट्रे. ट्रेमध्ये पाण्याचे पाच ग्लास.

हेड क्लार्कनं कागदात बघून नाव घेतलं. ती म्हणाली, "हजर, सर." त्यानं मान वर केली. तिला बघितलं, ट्रे बघितला आणि म्हणाला, "आधी पाणी दे सायबांना." ती टेबलाकडं निघाली. तेवढ्यात त्यानं दुसऱ्यांदा नाव घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं, तिच्या रिकाम्या बाकाकडं बघत. मग तोंडानं म्हणत म्हणत लिहिलं, "गैरहजर. पुढचा."

टेबलामागच्या पाची जणांनी पाणी घेतलं. एकानं तर थँक्यूसुद्धा म्हटलं.

मी व्हरांड्यात फरशी पुसत होते. दारातून सगळं दिसत होतं. ओरडावं असं वाटलं, पण अकरा वर्षांत त्या इमारतीत मी कधी आवाज काढला नव्हता. तो निघालाच नाही.

हे परभणीतलं एक कॉलेज. नाव सांगत नाही. सांगितलं की लोक म्हणतील, त्या एका कॉलेजातच असं चालतं. मी तिथं ठेकेदाराकडून झाडलोट करायचे. सगळे मला मावशी म्हणायचे. साठीचे सरही मावशी म्हणायचे. माझं नाव तिथं कोणाला माहीत नव्हतं.

ॲडमिशनच्या दिवसांत याद्या बोर्डावर चिकटवायचं कामही माझ्याच गळ्यात. मैद्याची खळ करायची, डबा घेऊन जायचं, आणि आईबाप मागून ढकलत असताना कागद सरळ लावायचा. दरवर्षी लोकांच्या लेकरांची नावं चिकटवली. या वर्षी वेटिंगच्या यादीत पहिलं नाव माझ्या लेकीचं निघालं. आम्ही बौद्ध. पण हे नाव राखीव यादीत नव्हतं, खुल्या यादीत होतं, मार्कांवर आलेलं. मी त्या ओळीवरून खळीचा हात दोनदा फिरवला.

एक जागा सुटली होती. एकच. वेटिंगवाल्या पोरांनी हॉलमध्ये बसायचं, नाव तीनदा पुकारणार, बाकावर जो नसेल तो गेला, असा नियम. नवरा येलदरीला, धरणावर मासे धरणाऱ्यांकडं कामाला असतो. त्यानं सांगून ठेवलं होतं, "ॲडमिशन झालं तर शिकव. न्हाई झालं तर बोरीचं स्थळ चांगलं हाय." म्हणजे त्या बाकावर माझ्या मुलीचं सगळं आयुष्य बसलं होतं. आणि त्या बाकावरून तिला उठवलं मी.

हो, मीच. हे लिहायला जड जातंय, पण लिहिते.

अकरा वर्षांत त्या ऑफिसातल्या कोणीही माझ्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. तोंडावर कोणी काही बोलत नाही. आजकाल बोलत नाहीत. मी जारपाशी गेले की कोणीतरी म्हणतं, "राहू द्या मावशी, शिपाई आणतो." राहू द्या. केवढा मऊ शब्द. त्या मऊ शब्दानं मला अकरा वर्षं लांब ठेवलं.

त्या दिवशी शिपाई रजेवर होता. हेड क्लार्क दारात येऊन म्हणाला, "मावशी, तुझी पोरगी आलीय न्हवं? तिला म्हण, जरा पाणी दे समद्यांना. तिचे हात स्वच्छ हायत."

मला राग यायला पाहिजे होता. मला आनंद झाला. माझं नाही तर नाही, माझ्या लेकीच्या हातचं पाणी ही माणसं पिणार. दर जयंतीला पाण्याच्या लढाईवर भाषण ऐकते मी, पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवते. आणि इथं कोणी आपल्या हातचं पाणी पितंय म्हणून पाघळले.

मुलगी म्हणाली, "माय, नावं पुकारायलेत."

मी म्हणाले, "जा गं, दोन मिन्टाचं काम हाय. सायेब लोक खूश व्हतील."

ती गेली. जागा राहावी म्हणून बाकावर बॅग ठेवून गेली. बॅगेला कोणी हजर म्हणत नाही.

वेटिंग दोनचा मुलगा टेबलामागच्या एका सरांचा भाचा. तो हजर म्हणाला, जागा त्याला गेली. मी फडकं तिथंच टाकून आत गेले.

"सायेब, ती इथंच होती. तुमीच तिला पाण्याला लावलं."

"बाकावर होती का?"

"तुमच्या म्होरं होती."

"बाकावर न्हवती म्हंजी गैरहजर. नियम हाय, मावशी."

टेबलामागच्या मॅडम ओठ टिपत म्हणाल्या, "अहो, त्यांना काय, मिळेल की कोट्यातून कुठंतरी." बाकीचे हसले. वाईट हसले नाहीत, चहा पिताना हसतात तसं हसले. मुलगी ट्रे धरून उभीच होती. हेड क्लार्कनं रिकामा ग्लास तिच्या ट्रेवर ठेवला.

ठरवून केलं का? मुलगी म्हणते, ठरवून. मला वाटतं, ठरवावंसुद्धा लागलं नसेल. ट्रे दिसला आणि ट्रे धरणारी दिसेनाशी झाली. त्यांना ही सवयच आहे.

ती माझ्या पुढं चालत घरी आली. उंबऱ्यात चप्पल काढता काढता म्हणाली, "माय, तुला काय वाटलं? आपल्या हातचं पाणी पेले म्हंजी आपल्याला बाकावर बसू देतील?"

मी तिच्या कानाखाली दिली. पाच जणांना द्यायची होती ती एकीला दिली. ती रडली नाही. भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोकडं माझी पाठ होती. वळायची हिंमत झाली नाही. मग मीच म्हणाले, "फुलस्केप घे. लिही."

सकाळी हेड क्लार्कनं शेवटची यादी माझ्यापुढं सरकवली. माझ्या मुलीच्या नावापुढं लिहिलेलं, गैरहजर. "मावशी, हे चिकटव."

"न्हाई."

"काय?"

"न्हाई चिकटवत. हा अर्ज घ्या."

त्यानं अर्ज वरवर वाचला आणि टेबलावर टाकला. "ठीक हाय. बघतो."

मी हलले नाही. सातवीपर्यंत शिकलेली बाई आहे मी, कायदा मला कळत नाही. पण त्या टेबलाखालची कचऱ्याची टोपली अकरा वर्षं मी रिकामी केली. शिक्का न मारलेले अर्ज कुठं जातात ते माझ्याइतकं कोणाला माहीत? किती गरिबांचे अर्ज मीच माझ्या हातानं घंटागाडीत टाकले. तेव्हा माझ्या मनात काही आलं नाही, हेही लिहून ठेवते.

"पोच द्या," मी म्हणाले.

"कसली पोच?"

"अर्ज मिळाल्याची. शिक्का, नंबर, तुमची सही."

"तुला उद्यापासून काम पायजे का न्हाई?"

"पोच द्या."

आवाज चढला तसे व्हरांड्यातले पालक दाराशी जमले. एका आज्यानं विचारलं, "काय झालं वो बाई?" मी सगळं सांगितलं. पाण्यासकट, बाकासकट. हेड क्लार्कनं शिक्का असा मारला की टेबलावरचा पेन खाली पडला. पेन मी उचलला नाही.

दुपारी ठेकेदाराचा फोन आला. उद्यापासून यायचं नाही.

नवरा येलदरीहून आला आणि बोरीच्या स्थळाला काय कळवायचं ते विचारू लागला. मी सांगितलं, काहीच कळवू नका. तो चिडून परत गेला. पोच घेऊन मी प्राचार्यांच्या दारात बसायला लागले. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. जिथं फरशी पुसायचे तिथंच बसायचे. शेवटी चौकशीला बोलावलं. त्याच हॉलमध्ये, त्याच पाच जणांपुढं. ज्यांच्यावर तक्रार तेच चौकशी करणार. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

आम्ही मायलेकी पहिल्या बाकावर बसलो. फायली उघडल्या. ऊन होतं, एकानं घसा खाकरला. हेड क्लार्कनं आमच्याकडं न बघताच, त्या दिवशीसारखंच म्हटलं, "मावशी, पोरीला म्हण, तेवढं पाणी..."

मुलगी अर्धी उठलीसुद्धा. अठरा वर्षांची पोर, एवढं सगळं होऊनही अंग उठतंच. ते माझंच अंग तिच्यात आलंय. मी तिचं मनगट धरलं आणि खाली ओढलं.

"बस. तुझं नाव पुकारायचं हाय."

जार कोपऱ्यात होता. पाच जण जारकडं बघत होते, मग एकमेकांकडं. कोणी उठलं नाही. आम्हीही उठलो नाही.

जागा मिळेल का, मला माहीत नाही. ते देणार नाहीत असंच वाटतं. नाही दिली तर वरच्या ऑफिसात जाईन, तिथंही पोच मागेन. माझ्या मुलीचं नाव हजर म्हणून लिहिलं जाईपर्यंत बाकावरून उठायचं नाही. तहान लागली तर त्यांनी उठावं.