ताट उचलण्याची श्रेणी

विद्यापीठाकडून पत्र आलं की आमच्या कॉलेजात समिती नेमतात, आणि समिती नेमली की मला घेतात. मी कॉमर्स शिकवते, माझं अक्षर बरं आहे आणि मला नाही म्हणता येत नाही, हे उपप्राचार्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं. या वेळचं पत्र 'कमवा आणि शिका' योजनेबद्दल होतं. विद्यार्थी कॉलेजात जी कामं करतात त्यांना कौशल्य आणि जबाबदारी पाहून अ ते ड अशा श्रेणी लावायच्या होत्या. समितीत उपप्राचार्य आणि मी असे दोघेच. म्हणजे ठरवणं त्यांचं आणि लिहिणं माझं.

उपप्राचार्य मूळचे साताऱ्याचे. विश्रामबागेत घर बांधून त्यांची हयात गेली, तरी सांगलीत ते पाहुण्यासारखे राहतात आणि दर दोन वाक्यांनी 'आमच्या साताऱ्यात' म्हणतात. श्रेणी लावायची त्यांची रीत सरळ होती. बसून केलेलं काम कुशल, उभ्यानं केलेलं अकुशल. ज्या कामात किल्ली हातात येते त्यात जबाबदारी आहे, बाकीच्यात नाही. त्यामुळे जिमखान्याची किल्ली सांभाळणारा मुलगा थेट 'अ' श्रेणीत गेला. छत गळतं म्हणून जिमखाना बंद असतो, आणि तो मुलगा किल्ली खिशात घालून दारापाशी खुर्चीवर बसतो. दोन्ही अटी त्यानं पूर्ण केल्या होत्या. बागेला पाणी घालणारे आणि प्रयोगशाळेतलं काचसामान धुणारे उभे असल्यामुळे 'ड'मध्ये गेले.

मग मुलींच्या वसतिगृहाची मेस आली. तिथं माझ्याच वर्गातली, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी काम करायची. आज किती जणी जेवणार ते खोल्याखोल्यांतून विचारून स्वयंपाकाच्या मावशींना सांगायचं, वाढायचं, आणि शेवटी उष्टी ताटं उचलून टेबलं पुसायची. उपप्राचार्य लगेच 'ड' म्हणाले. "वाढण्यात कसलं आलंय कौशल्य?" हेही म्हणाले. मला राग आला.

"सर, तुम्ही कधी पंगत वाढलीय?" मी विचारलं.

बहिणीच्या लग्नात जिलेबीची परात त्यांच्या हाती होती, आणि वरपक्षाची पंगत निम्मी व्हायच्या आत ती रिकामी झाली. बहिणीला सासरी त्यावरून अजून ऐकून घ्यावं लागतं, हे त्यांनी खाली बघत सांगितलं. "लिहा 'अ'," ते म्हणाले. त्या दिवशी मी मोठी लढाई मारल्याच्या थाटात घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी स्टाफरूमच्या दाराशी उभी.

"मॅडम, मला 'ड'मध्येच ठिवा."

"अगं, का?"

"'अ'वाल्यांचा सत्कार हाय म्हणं. फोटो काढतील. आमच्या घरी म्हाईत न्हाई."

ती पलूसकडची. घरचा ऊस, घरचा ट्रॅक्टर, वडील सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. अशा घरातली पोर पैसे घेऊन दुसऱ्यांची उष्टी काढते हे कळलं, तर कॉलेज त्याच दिवशी बंद आणि येत्या उन्हाळ्यात लग्न. स्थळं यायला लागलीच होती. मग मुळात काम करतेस कशाला, असं मी विचारलं.

"पप्पा मागितलं की देत्यात, मॅडम. पण कशाला पायजे ते सांगायला लागतंय."

मी स्वतः पगारदार बाई आहे, तरी मला हे सांगितल्याबरोबर कळलं. मी पुढं काही विचारलं नाही.

मी उपप्राचार्यांकडे गेले. एकदा वर चढवलेल्याला खाली आणायची तरतूद पत्रात नाही, असं त्यांनी पत्र न उघडता सांगितलं. मग निदान सत्काराला तिला बोलवू नका, एवढं मी कबूल करून घेतलं आणि निश्चिंत झाले. इथंच माझं चुकलं. आमच्या भागात सत्कार नंतर होतो, फ्लेक्स आधी लागतो. प्रवेशअर्जांवरचे फोटो घेऊन उपप्राचार्यांनी हौसेनं तो छापून घेतला आणि फाटकावर बांधला. 'गुणवंत श्रमिकांचे हार्दिक अभिनंदन.' जिमखान्याच्या किल्लीवाल्याशेजारी दोन वेण्यांतली ती, खाली 'मेस व्यवस्था, श्रेणी अ'. एका बाजूला हात जोडलेले उपप्राचार्य, सगळ्यांपेक्षा मोठे.

आमच्या फाटकावरून विश्रामबागेत क्लासला जाणाऱ्या तिच्या चुलतभावानं तो पाहिला. बहिणीचा त्याला अभिमान वाटला, म्हणून त्यानं फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला. लगेच फुलं, हार आणि टाळ्या सुरू झाल्या. तिच्या वडिलांना दूध डेअरीवर लोकांनी हात धरून शुभेच्छा दिल्या. कशाबद्दल, हे त्यांना बऱ्याच शुभेच्छा स्वीकारून झाल्यावर समजलं.

दुसऱ्या दिवशी ते आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, भरघोस मिशी, आणि हातात मोठी रिकामी बॅग. उपप्राचार्यांना अचानक एक बैठक आठवली.

"पोरीला न्यायला आलोय, मॅडम," ते म्हणाले. "भांडायला न्हाई. आमच्यात चालत न्हाई, एवढंच."

ते इतक्या अदबीनं बोलत होते की मी जास्तच घाबरले. श्रमाच्या प्रतिष्ठेवर मी दरवर्षी एक भाषण करते, त्यातलं एक वाक्य ओठावर येईना. "जेवायची वेळ झालीय, जेवून जा," एवढंच मी म्हणाले. पालकांना मेसमध्ये जेवता येतं. आणि आमच्याकडचा माणूस एक वेळ पोर घेऊन जाईल, पण जेवा म्हटल्यावर तसाच उठून जाणार नाही.

तिनंच वाढलं. आमटीचा एक थेंब सांडला नाही. ते मान खाली घालून जेवले. शेवटचा भात संपल्यावर त्यांनी विचारलं, "उष्टी कोण काढतंय?"

"मी."

"दुसऱ्यांची?"

"व्हय."

"आपल्या घरात आसलं कुणी केलेलं न्हाई."

"घरी तुमचं ताट रोज मीच उचलते की, पप्पा."

ती उलटून बोलली नाही. त्यांना माहिती नसेल तर असावी, अशा आवाजात म्हणाली. मी भिंतीवरच्या मेनूकडे बघत राहिले. उद्या मटकी होती. त्यांचा हात ताटात तसाच वाळत होता.

"पलटणीत आमची आमीच धुत हुतो," ते म्हणाले, जणू मी काही विचारलं होतं. मग ताट घेऊन उठले. ती घाईनं पुढं झाली आणि तिनं हात केला.

"ऱ्हाऊ दे."

नळापाशी जाऊन त्यांनी ताट धुतलं, मागूनही धुतलं, आणि पाणी झाडून मांडणीत उभं केलं. शर्टावर शिंतोडे उडाले होते.

"परीक्षा कवा हाय?" त्यांनी तिला विचारलं. तिनं सांगितलं. "झाली की ये मग घरी." बॅग काखेत मारून ते एसटी स्टँडकडे निघून गेले. मला इतकं हायसं वाटलं की घरून डबा आणलेला असूनही मी तिथंच बसून पोटभर जेवले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती वर्गाबाहेर भेटली. घरी काय म्हणतात, मी विचारलं.

"बरं हाय. पप्पा आता जेवण झालं की आपलं ताट उचलून मोरीत नेऊन ठिवत्यात."

"मग छान झालं की."

"आई रडली, मॅडम. तिला वाटलं, तिचंच काय तरी चुकलं."