सुईबाईंचा अकरा

सुईबाईंचा हात इतका हलका, की पोरं रडायची ती निव्वळ सवयीनं. दवाखान्याच्या मागच्या खोलीत एकवीस वर्षं त्यांनी चिमुरड्यांची बोटं टोचली. थेंब पट्टीवर, पट्टी यंत्रात, आकडा वहीत. अकरा आला की रक्त ठीक. अडचण एवढीच, की दहातल्या सहा-सात पोरांचा अकरा काही येत नसे. आठ, नऊ, साडेनऊ. पोरंही मेली हट्टी!

सुरुवातीला बाई वेड्यासारखं खरं लिहायच्या. मग साहेबांनी बोलावून घेतलं. "बाई, आपलाच दवाखाना मागे का? वरून विचारतात हो मला." तेव्हापासून नऊला अकरा लिहायचं ठरलं. पुढेपुढे सात दिसला तरी हात आपसूक अकराच लिहायचा. कमाल बघा, औषधाचा थेंब न पाजता अख्ख्या वस्तीचं रक्त वाढलं! साहेबांना प्रशस्तिपत्रक मिळालं, बाईंना चहा.

बाईंची नात, लेकीची लेक, अडीच वर्षांची. घरात तिचं कोण कौतुक! काय गोरीपान, आणि शहाणी किती, बसवली तिथं तासभर बसते. भिंतीचे पोपडे काढून खायची, तर म्हणे खोडकर आहे. "माझ्यावर गेलीय," बाई मिरवायच्या.

एकदा वरून पाहुणे यायचे होते. साहेब म्हणाले, "त्यांच्यासमोर टोचायला एखादं छानसं पोर आणा." बाईंनी नवा फ्रॉक घालून नातच आणली.

सुई टोचली. नात रडली नाही, नुसती बघत राहिली. यंत्रात आकडा आला सहा पूर्णांक दोन दशांश. बाईंनी यंत्र झटकलं, दुसरं बोट टोचलं. तोच आकडा. मग त्यांनी नातीची खालची पापणी ओढून पाहिली. आतून पांढरीफटक. हजारो पोरांच्या पापण्या ओढल्या होत्या, घरची एक राहिली होती.

"लिहा की अकरा, पाहुणे बघतायत," साहेब कानाशी कुजबुजले.

"नात आहे हो माझी!" बाई किंचाळल्या. तिला कडेवर घेऊन त्या तडक औषधांच्या खिडकीशी गेल्या. "लोहाचं औषध काढा. लवकर!"

औषधवाल्यानं कपाटच उघडून दाखवलं. रिकामं. "चार वर्षांत एक बाटली आलेली नाही, बाई. वहीत एकाही पोराचं रक्त कमी नाही, मग पाठवतील कशाला? सह्या तुमच्याच आहेत."

बाई खिडकीतून वाकून कपाटाचे खण पुन्हा पुन्हा बघत राहिल्या.

"मोठ्या दवाखान्यात न्या तिला, आजच," तो जरा नरमला. "औषध बाहेर दुकानातही मिळेल."

"नेते. आणते. हिच्यासाठी आणते हो," असं पुटपुटत बाई वळल्या. समोरच्या बाकांवर आया नंबर लावून बसल्या होत्या. मांडीवरची पोरंही काय शहाणी! एकही जागचं हलत नव्हतं.