दिव्याचा रिपोर्ट आधी

केळुसकर सरांची आणि माझी पहिली भेट अंधारात झाली.

हे वाक्य ऐकून माझी नात प्रज्ञा लिहायची थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. तिला म्हटलं, लिही गं, खरं आहे ते. मी सांगते आणि ती लिहून घेते, असा आमचा कारभार आहे. सरांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात मोठमोठ्या डॉक्टरांचे लेख असणार. मी त्यांच्या लॅबमध्ये बाटल्या, भांडी आणि रंगाचे ट्रे धुवायला होते. तरी मलाही लेख मागितला, हा सरांचा नाही तर संपादकांचा दोष आहे. संपादक कोण, ते पुढे येईलच.

तर अंधार. गोवंडीच्या आमच्या दवाखान्यात तळमजल्यावर क्षयाच्या तपासणीची लॅब होती. मी कामाला लागले त्या दिवशी झाडू घेऊन आतल्या खोलीकडे गेले, तर दाराला काळा पडदा. पडदा सारला तसा आतून आवाज आला, "पडदा लावून घ्या, आणि आत आलाच आहात तर बसा." माणूस काही दिसेना. मी म्हटलं, हा कोण बाबा दिवसाढवळ्या काळोखात बसलाय, याला घरी कोणी विचारत नाही की काय. पण आवाज सभ्य होता, म्हणून बसले. मग ते म्हणाले, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, मग एक गंमत दाखवतो. बऱ्याच वेळाने त्यांनी मला मायक्रोस्कोपशी बसवलं. आत सगळं काळं, आणि त्या काळ्यात पिवळ्या-हिरव्या बारीक काड्या चमकत होत्या. मी विचारलं, नक्षी कसली? ते म्हणाले, "हा टीबी." मी खुर्चीसकट मागे सरकले. सर हसले नाहीत. त्यांनी समजावलं की थुंकीला एक रंग लावतात, तो रंग फक्त त्या जंतूंना धरून राहतो, आणि वरून जोरकस निळा उजेड पाडला की तेवढेच चमकतात. काचेवरचे जंतू मेलेले असतात, भ्यायचं कारण नाही. झाडूवाल्या बाईला पहिल्याच दिवशी एवढं सांगत बसणारा साहेब मी तोवर पाहिला नव्हता.

श्री. दत्ताराम केळुसकर सर मूळचे वेंगुर्ल्याकडचे, राहायला मुलुंडला. आम्ही जालन्याकडचे, गोवंडीत येऊन राहिलेले. त्यांच्या डब्यात मासळी आणि आमच्या डब्यात ठेचा, यावरून आमचं कधी वाजलं नाही, कारण दोन्ही डबे शेवटी सगळी लॅब मिळून संपवायची.

सरांचा जीव होता मायक्रोस्कोपच्या दिव्यावर. तेव्हा पाऱ्याचा दिवा असायचा. त्याच्यासारखे नखरे मी घरातल्या कुणाचे सहन केले नसते. लावला की लगेच विझवायचा नाही. विझवला की लगेच लावायचा नाही, चांगला अर्धा तास गार होऊ द्यायचा. काचेला उघडं बोट लावायचं नाही, कारण बोटाचं तेल तापलं की तिथेच काच तडकते. सर तो दिवा कापडातून उचलायचे, आपण तव्यावरची भाकरी उचलतो तसा. एकदा बाहेरून आलेल्या एका डॉक्टरांनी चहाला जाताना वीज वाचवावी म्हणून दिवा बंद केला आणि परत येऊन लगेच लावायला निघाले. सरांनी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं आणि दिवा गार होईपर्यंत बांगड्याच्या तिखल्याची कृती सांगितली. त्या डॉक्टरांनी पुन्हा त्या बटणाला हात लावला नाही. तिखलं मात्र घरी केलं म्हणे.

उजेड बिघडला तर शोधायचा कसा, याचीही सरांची एक रीत होती. भिंतीपासून डोळ्यापर्यंत जायचं. आधी भिंतीतला प्लग, मग दिव्याचा डबा, मग दिवा, मग उजेडाच्या वाटेवरची झडप, मग रंगीत काच, मग भिंग, मग स्लाइडवरचा रंग, आणि सगळ्यांत शेवटी आपले डोळे. घाईतला माणूस उलटा जातो, आधी डोळे चोळतो, असं ते म्हणायचे. एकदा सकाळी मायक्रोस्कोपमध्ये काळं ठिक्कर. मायक्रोस्कोपच्या कंपनीला फोन झाले, दवाखान्याचे मोठे डॉक्टर वरून खाली आले. सर आले आणि भिंतीपासून निघाले. झडपेशी पोचले, तर ती बंद. आदल्या संध्याकाळी ती कोणी लावली, याची चौकशी सुरू झाली. सरांनी सगळ्यांसमोर हात वर केला. त्या दिवशीची भजी त्यांच्यातर्फे होती. मी त्यांना म्हटलं, सर, अशी झडप अधूनमधून लावत जा.

ते रागावलेले मी एकदाच पाहिले. जळलेला दिवा कोणीतरी कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. सरांनी तो डब्यातून काढला, त्याच्या खोक्यात ठेवला आणि सगळ्यांना उभं करून सांगितलं की यात पारा आहे. हा इथून डंपिंगवर जातो आणि तिथे उघड्या हातांनी कचरा वेचणारी माणसं आहेत. ती माणसं म्हणजे आमच्याच गल्लीतली. तेव्हापासून जुने दिवे खोक्यातच जायचे आणि कंपनीचा माणूस आला की सर ते मोजून त्याच्या पदरात घालायचे. तो नको म्हणाला तरी.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट ओळखीच्या स्लाइडची. सरांचा शिरस्ता असा होता, की रोज पेशंटच्या स्लाइड बघायच्या आधी एक अशी स्लाइड लावायची, जिच्यात जंतू आहेत हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. तिला ते ओळखीची स्लाइड म्हणत. ती चमकली तर दिवा ठीक. ती फिकी दिसली तर त्या दिवशी दिव्याच्या कुठल्याच बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही.

माझी सून संगीता तेव्हा बाळंतपणातून उठून काही महिने झाले होते. ही आत्ता लिहितेय ती प्रज्ञा अंगावर पीत होती. संगीताला खोकला लागला, अंग उतरलं, संध्याकाळी कणकण यायला लागली. ती म्हणायची, जागरणं आहेत आत्या, दुसरं काही नाही. मी जबरदस्तीने तिची थुंकी लॅबमध्ये आणली. ती बालवाडीत शिकवायची आणि रिपोर्ट चांगला आल्याशिवाय तिला परत पोरांत घेणार नव्हते. म्हणून तीही रिपोर्टाची वाट बघत होती.

आदल्या दिवशी कंपनीचा माणूस मायक्रोस्कोपला नवा दिवा बसवून गेला होता. त्या सकाळी सर दुसऱ्या दवाखान्यात शिकवायला गेले होते आणि लॅबमध्ये अनघा एकटी होती. अनघा म्हणजे आमची तरणी टेक्निशियन, हुशार आणि हाताने झटपट. तिने सगळ्या स्लाइड बघितल्या आणि मला हळूच सांगितलं, मावशी, संगीतावहिनींचं काही नाही. मी चहा टाकला. संगीता बाळाला घेऊन आली आणि रिपोर्टासाठी खिडकीशी उभी राहिली.

तेवढ्यात सर आले. सहीसाठी ठेवलेले रिपोर्ट त्यांनी उभ्याउभ्याच चाळले.

"अनघा, आज कुणालाच काही नाही?"

"हो सर, बॅचच चांगली आहे."

"गोवंडीची हवा एकदम सुधारली म्हणायची." मग त्यांनी विचारलं, "ओळखीची स्लाइड लावली होतीस?"

अनघा म्हणाली, "दिवाच नवा आहे ना सर. काल तर बसवलाय."

सरांनी ओळखीची स्लाइड उचलली. पडद्याआड गेले, आणि आले ते सरळ संगीताकडे. म्हणाले, "संगीताबाई, आज आमचा दिवा आजारी आहे. आधी त्याचा रिपोर्ट येऊ दे, मग तुमचा देतो."

माझ्या सुनेची जीभ माझ्याहून तिखट. ती म्हणाली, "सर, खोकतंय कोण, दिवा का मी? काही नाही म्हणून सांगितलंय ना, मग द्या की कागद."

सरांनी तिला खिडकीजवळच्या बाकावर बसवलं, तोंडाला पदर धरायला सांगितलं आणि बाळ माझ्याकडे द्यायला लावलं. मोठे डॉक्टर खाली आले. बाहेर पेशंट खोळंबलेत, दिवा कोरा नवा आहे, आज रिपोर्ट द्या आणि शंका उद्या काढा, असं त्यांचं म्हणणं. सर एवढंच म्हणाले, "रिपोर्टावर सही माझी आहे ना? मग मला आधी दिवा बघू दे."

दिवा बंद केला. आता तो गार होईपर्यंत काही करता येईना. सर येऊन संगीताच्या बाकावर, दुसऱ्या टोकाला बसले. ती तोंड फिरवून बसली, ते घड्याळाकडे बघेनात. बाळ रडायला लागलं, मी फेऱ्या घालत राहिले. मनात म्हणत होते, नसू दे काही, दिवाच खोटा निघू नये. आणि सरांचा चेहरा बघितला की वाटायचं, निघणार.

गार झाल्यावर सरांनी डबा उघडला. दिवा चांगला होता, पण त्याचा उजेड मधोमध आणायचा राहिला होता. सगळा उजेड एका बाजूला पडत होता, आणि बाकीच्या बाजूला चमकायला काही उरतच नव्हतं. डबा बंद करून दिवा पुन्हा लावला. तो तापल्यावर सरांनी अनघाला बसवलं आणि स्क्रू तिलाच फिरवायला लावले. एक ठिपका दिव्याचा, एक त्याच्या आरशातल्या प्रतिबिंबाचा. दोन्ही जवळ आणायचे, मधोमध घ्यायचे आणि मग उजेड सगळीकडे सारखा पसरायचा.  सर मागे उभे राहून, आता डावीकडे, अजून थोडं, असं सांगत होते, स्वयंपाक शिकवावा तसं. ओळखीची स्लाइड लावली आणि ती लखलखली.

मग सगळ्या स्लाइड पुन्हा बघायला घेतल्या. मी म्हटलं, सर, संगीताची आधी बघता का? ते म्हणाले, "गयाबाई, बाहेर बसलेली सगळी कुणाची ना कुणाची संगीताच आहेत. रांगेत येऊ दे." मला राग आला. आणि तरी त्या माणसाचं चुकलं असं मनातसुद्धा म्हणता येईना.

बऱ्याच वेळाने सर बाहेर आले. हात धुतले आणि संगीताशेजारी बसले. या वेळी टोकाला नाही.

"थोडे आहेत," ते म्हणाले. "पण आहेत."

संगीताने विचारलं, "आणि माझं बाळ?"

"बाळाचं डॉक्टरांशी बोलून आलोय. तिला आजच तपासतील, औषधही देतील. तुम्ही दोघी बऱ्या होणार आहात. फक्त गोळी चुकवायची नाही."

त्या बॅचमध्ये आणखीही काही जण सापडले. सगळे तो नाही म्हणणारा कागद घेऊन घरी गेले असते. संगीता तर बालवाडीत, पोरांच्या घोळक्यात गेली असती.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, चूक कुणाची? अनघा पुढे होणार, तेवढ्यात सर म्हणाले, "माझी. जुन्या दिव्यालाच विचारा असं मी शिकवलं. नव्यालाही विचारायचं, हे सांगायचं राहून गेलं." अनघा त्या दिवशी जेवली नाही. आज ती मुलुंडला एक मोठी लॅब सांभाळते आणि या ग्रंथाची संपादक तीच आहे. हा भाग ठेवायचा की कापायचा, ते तिचं ती बघेल. कापला तर मी समारंभात माइकवर सांगेन.

सर निवृत्त झाले आणि दिवेही बदलले. आता एलईडी आलेत, बटण दाबलं की उजेड, थांबणं नाही, पारा नाही. सरांना आनंद झाला, पण थोडे हिरमुसलेसुद्धा, मुलगी सासरी सुखात नांदतेय आणि माहेरची आठवणच काढत नाही म्हटल्यावर बापाचं होतं तसं. तरी लॅबवाल्यांना भेटले की पहिला प्रश्न तोच असतो, ओळखीची स्लाइड लावता ना? मध्यंतरी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवा समोर धरला तर यांनी विचारलं, हा आज तपासलाय का? हे मला त्यांच्या घरून कळलं. त्यांच्या घरच्यांचाही सत्कार व्हायला हवा.

संगीताची औषधं पुष्कळ महिने चालली. गोळ्यांनी तिला मळमळायचं आणि ती सकाळी सकाळी सरांच्या नावाने खडे फोडायची. सर लॅबमध्ये आले की मला विचारायचे, आज किती शिव्या पडल्या? मी सांगायचे, आज कमी होत्या. ते म्हणायचे, म्हणजे तब्येत सुधारतेय.

शेवटची तपासणी झाली त्या दिवशी त्यांनी आम्हा सासूसुनांना पडद्याआड बोलावलं. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दिली. आधी दिव्याची खात्री करून घेतली, मग संगीताची स्लाइड लावली आणि तिलाच बघायला बसवलं.

"काय दिसतं?"

"काही नाही, सर."

"नीट बघा. सगळीकडे फिरवून बघा."

ती बघत राहिली. म्हणाली, "सगळं काळं आहे. एक ठिपकासुद्धा नाही."

"हेच दाखवायला बोलावलं होतं," सर म्हणाले.

संगीता उठेना. त्या काळ्याकडे एवढ्या आवडीने बघत बसलेलं मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही. सरांनीही तिला उठवलं नाही, बाहेर बाकीच्या स्लाइड पडून होत्या तरी.

सर, तुम्हाला पंचाहत्तर पुरी झाली. आता डॉक्टर तुमच्याही तपासण्या सांगणार, रक्त घेणार, फोटो काढणार. तुम्ही त्यांच्या मशिनींना काय विचारायचं ते विचाराच. पण पुढची खूप वर्षं, त्यांनी कितीही चांगला उजेड पाडला आणि कितीही निरखून बघितलं, तरी त्यांना तुमच्यात काही म्हणजे काही दिसू नये.

— गयाबाई साळवे