वाकड्या काठाचा गंज

वडनेरच्या स्टँडवर माझी नात पायल पिशवीतून माझ्या आईचा जर्मनचा गंज, म्हणजे पातेलं, बाहेर काढू पाहत होती. "आजी, कडी तुटली, काठ लोंबला. कायले नेऊन राह्यली?" मी पिशवी छातीशी धरली. गंजात तुटकी कडी होती, अन् घराची किल्ली. हे वारल्यावर मी पिपरी मेघेला पायलकडे राहायला निघाले होते. अंतर दोन तासांचं. पण अशी रडले की कंडक्टरला वाटलं, म्हातारी परदेशीच चालली.

वडनेरवाल्यांनो, त्या काठाची गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. लग्नात गंज देताना आई म्हणाली होती, "जपजो, बाई." वर्षाच्या आत कडी निघाली. कल्हईवाल्याला डाख लावायला सांगितलं, तर म्हणाला, "जर्मनले डाख धरत नाई." मी आठवी पास, त्याचं काऊन ऐकू? लोहार लोखंड लाल करून जोडतो, तसंच करायचं ठरवलं. रिकामा गंज निखाऱ्यांवर ठेवला अन् फुंकणी घेऊन तो लाल व्हायची वाट पाहत बसले. लाल झालाच नाही. एकाएकी काठ मेणासारखा खाली बसला. सासूबाईंना सांगितलं, मांजरीनं पाडला.

पिपरीत एका रात्री हे पायलला सांगितलं, तर ती अंथरुणात उठूनच बसली. "आजी, अ‍ॅल्युमिनियम लाल होत नाई. न सांगता वितळते!" बुटीबोरीच्या कारखान्यात ती हेच करते, लेझरनं अ‍ॅल्युमिनियमचे भाग जोडते. ब्रेझिंग म्हणतात. या धातूवर न दिसणारी साय असते, म्हणून डाख धरत नाही. ती साय काढणारं औषध लावायचं, धातूच्या आधी वितळणारी तार फटीशी धरायची अन् उजेड तेवढ्याच जागी टोचायचा.

"मंग जोड ना माही कडी."

"पातळ आहे. चुकलं तर भोक पडन."

आईचं माझ्याजवळ दुसरं काही नाही, फोटोसुद्धा नाही. चार दिवस गंज द्यावा की नाही, तेच. शेवटी दिला, खरं सांगू, मला पाहायचंच होतं.

घरच्यांना कारखाना दाखवतात त्या दिवशी गेले. बंद पेटीतलं पडद्यावर दिसत होतं. ठिपका सरकला, तार पाण्यासारखी फटीत शिरली. कडी बसली, भोक नाही, गंज होता तसाच.

"काठही सरळ करू?" पायलनं विचारलं.

"हात नको लावू! तो माह्या अकलेचा आहे."

परवा पिपरीत अंबाडीची भाजी केली. गंज कडीला धरून उतरवला. कारखान्यातून आल्यावर पुन्हा त्यात ठेवलेली वडनेरची किल्ली त्याआधी काढून खिळ्याला अडकवली. गंज आता रोज लागतो.