धुळाजीची तिखट गोळी

नेकनूरच्या शिवारात पाणी कुठं लागेल हे सांगणारे चार-पाच जण होते. पण विहीर खोदून दगडानं बांधून देणारा माणूस एकच, धुळाजी. गोष्ट निजामाच्या अमलातली, फसली तेराशे तीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे वीसच्या आसपासची. धुळाजी तेव्हा पस्तिशीला आला होता. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि वीस वर्षांपासूनचा चिलीमबाज. पहार एक वेळ घरी राहील, पण तंबाखूची पिशवी कमरेला असायचीच. खोकला होता, पण त्याचं त्याला काही वाटत नसे.

धाकटा भाऊ धर्मराज त्याच्या हाताखाली काम करायचा. धर्मराजनं खाली उतरून दगड फोडायचा, धुळाजीनं वर उभं राहून दोरानं पाटी ओढायची, अशी वाटणी. एका चैत्रात एक विहीर सहा परस, म्हणजे सहा माणसं एकावर एक उभी राहतील इतकी खाली गेली होती. भरलेली पाटी निम्म्यावर आली तेव्हा धुळाजीनं खुंटाला दोराचा एक वेढा दिला, एका हातानं दोर धरला आणि दुसऱ्या हातानं चिलमीचा झुरका ओढला. झुरक्याबरोबर खोकल्याची अशी उबळ आली की डोळ्यांपुढं अंधारी आली आणि हातातला दोर सुटला. धर्मराजनं अंग चोरलं म्हणून जीव वाचला, पण उजवा पाय दगडाखाली गेला.

हाडवैद्यानं खपाट्या बांधल्या, लेप लावले. पाय वाकडाच राहिला. पुन्हा विहिरीत उतरणं संपलं आणि धर्मराज घरी बसून अंबाडीचे दोर वळू लागला. भावाला तो एका शब्दानं बोलला नाही. धुळाजीला तेच सहन होईना. एक दिवस त्यानं धर्मराजला बैलगाडीत घालून नारायणगडावर नेलं. एक हात गडावरच्या महाराजांच्या समाधीवर आणि दुसरा भावाच्या गुडघ्यावर ठेवून तो म्हणाला, "आजपासून तंबाखू माज्या अंगात जाणार न्हाई."

"दादा, एवढं कशाला?" धर्मराज म्हणाला.

"कशाला ते मला ठावं हाय."

शपथ घेणं एका घटकेचं काम होतं. ती पाळताना मात्र त्याचे हाल झाले. हात थरथरायचे, डोकं ठणकायचं, पुढ्यातली भाकरी गिळवत नसायची. बायको बायनाबाई आष्टीकडची. तिच्या आज्यानं तिखटाच्या जोरावर तंबाखू सोडली होती, तेच तिनं केलं. लवंगी मिरचीची पूड, मिरे, सुंठ, हे सगळं गुळात घट्ट मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळल्या. "तलफ आली की एक जिभेखाली धरा. तोंडात आग झाली की तंबाखूची याद ऱ्हात न्हाई," ती म्हणाली.

आग खरीच व्हायची. डोळ्यांतून धार, नाकातून पाणी, आतून गाल सोललेले. तेवढा वेळ तलफ मागं हटायची आणि पुन्हा यायची. असे वीस दिवस गेले.

त्या दिवसांत धुळाजी बराचसा वेळ नागप्पाच्या ओट्यावर बसून काढी. नागप्पा गावातला वाणी, धुळाजीचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघं एकाच नदीत पोहायला शिकलेले. त्याच्या दुकानात मीठ, मिरची, गूळ, सुंठ आणि तंबाखू सगळं मिळायचं. आपला दोस्त समोर बसलेला असताना नागप्पा तंबाखूच्या गोणीवर फडकं टाकून ठेवायचा. एका दुपारी धुळाजी त्या ओट्यावर बसून चक्क रडला. रस्त्यानं माणसं जात होती, तरी त्याला आवरेना. नागप्पानं त्याला आत ओढलं, पाणी दिलं आणि बराच वेळ त्याच्या पाठीवर हात ठेवून बसला.

त्याच आठवड्यात बायनाबाईची आई आजारी पडली म्हणून ती आष्टीला गेली. नागप्पा म्हणाला, "वहिनी न्हाईत तर मी वळतो गोळ्या. मिरची माजी, सुंठ माजी. तू फकस्त खायचं काम कर बे."

नागप्पाची पहिली गोळी जिभेखाली धरली आणि थोड्याच वेळात धुळाजीच्या हाताची थरथर थांबली. डोकं निवलं. संध्याकाळी तो दोन भाकरी जेवला. गडावर दिलेला आपला शब्द फळाला आला, असं त्याला वाटलं. दीड महिन्यानं बायनाबाई परतली, तेव्हा त्यानं तिला सांगून टाकलं, "तू आता कांडायचा तरास घेऊ नको. नागप्पाच्या गोळीला लई गुण हाय." तिला जरासं लागलं. पण नवरा माणसात आला होता, म्हणून ती गप्प बसली.

मग ही बातमी गावोगाव गेली. नेकनूरच्या बाजाराच्या दिवशी धुळाजी नागप्पाच्या दुकानापुढं उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला आपली कथा सांगायचा. विहीर सांगायचा, सुटलेला दोर सांगायचा, भावाचा पायसुद्धा सांगायचा. स्वतःची चूक चारचौघांत बोलून दाखवणारा माणूस लोकांना खरा वाटतो. शेजारच्या वाडीचा राधाकिशन चिलमीपायी रक्त थुंकायला लागला होता. त्याला धुळाजीनं हाताला धरून दुकानात नेलं. असे किती तरी नेले. लोक त्याला रामराम घालताना थांबून घालू लागले. पहिल्यांदाच गावात त्याला कुणी विहिरीशिवाय दुसऱ्या गोष्टीसाठी ओळखत होतं. यात तीन वर्षं गेली.

चौथ्या वर्षी नागप्पा घरच्यांना घेऊन नात्यातल्या लग्नाला उदगीरकडं गेला. वीस दिवस दुकान बंद. धुळाजीजवळच्या गोळ्या संपत आल्या. शेवटची एक त्यानं डबीत जपून ठेवली. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकू लागलं. तिसऱ्या दिवशी हात थरथरले आणि जेवताना त्यानं ताट भिरकावलं. बायनाबाईनं घाईघाईनं जुन्या रीतीनं गोळ्या वळल्या. एकामागोमाग सहा खाऊनही त्याला चैन पडेना.

"तुज्या गोळीत जोर न्हाई," तो म्हणाला.

"त्येच जिन्नस, त्येच माप. जोर कावून नसंल?"

तिनं डबीतली ती शेवटची गोळी काढली, मोडली आणि अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली. आधी गूळ लागला, मग तिखट, आणि त्याखाली काहीतरी कडसर. बायनाबाईनं जन्मात कधी दाताला मिश्रीसुद्धा लावली नव्हती. भिंत फिरायला लागली तशी ती खाली बसली. अंगाला दरदरून घाम फुटला आणि ती उंबऱ्याबाहेर जाऊन भडाभडा ओकली. चूळ भरून आली, तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अवो, ह्यात तंबाखू हाय," ती म्हणाली.

धुळाजीनं आधी तिला वेड्यात काढलं. मग उरलेली अर्धी गोळी वाटीतल्या पाण्यात चुरली. गूळ विरघळला, मिरचीची पूड वेगळी झाली आणि तळाशी काळपट चुरा बसला. तो त्यानं चिमटीत घेऊन नाकाशी धरला. तीन वर्षं मिरचीच्या आगीखाली झाकलेला तो वास ओळखायला त्याला क्षणभरही लागला नाही. आजवर ज्यांना ज्यांना हात धरून दुकानात नेलं, ते सगळे त्याला एकेक करून आठवत होते.

नागप्पा आला त्या सकाळी तो दुकानात गेला. नागप्पा फळ्या काढत होता. दोस्ताला बघून त्याचा चेहरा खुलला.

"ये बे. लग्नातला चिवडा आणलाय तुला."

"गोळीत तंबाखू कवापासून घालतोस?"

नागप्पाच्या हातातली फळी हातातच राहिली. त्यानं नाही म्हटलं नाही. फळी भिंतीला टेकवली आणि खाली बघत म्हणाला, "पहिल्या दिवसापासून. तू हितं रडलास ना, मला बघवलं न्हाई. वाटलं, चिमूटभर घालावी आन् हळूहळू कमी करत काढून टाकावी."

"मग काढली कावून न्हाईस?"

"तुला गुण आला. मग लोक मागाया लागले. तंबाखू काढली की लोकं म्हणायची, ह्या खेपेची गोळी बरुबर न्हाई."

"आन् मी बाजारात हुबा ऱ्हाऊन सांगायचो, तवा तू आत बसून ऐकायचास."

नागप्पा पुढच्या फळीला हात घालून ती काढू लागला.

"माज्या भावाच्या गुडघ्यावर हात ठिवून शपथ घेतलीती मी. तुला ठावं हुतं."

"धूर तर सुटला ना तुजा? खोकला गेला ना?" नागप्पा कळवळून म्हणाला. "मी काय तुजं वाईट केलं बे?"

खोकला गेला होता हे खरंच होतं. धुळाजी तसाच ओट्यावरून उतरून चालू लागला.

पुढच्या बाजारी त्यानं सगळ्यांना खरं सांगितलं. लोक नागप्पावर चिडतील असं त्याला वाटलं होतं. राधाकिशन म्हणाला, "मला बरं वाटतंय. तुज्या शपथेचं तू बघ." कुणी हसलं. एक म्हातारा रागावला तो धुळाजीवरच. नेणारा तूच होतास, म्हणाला. गोळ्या खपायच्या थांबल्या नाहीत. धर्मराजला सांगितलं, तर तो दोर वळता वळता एवढंच म्हणाला, "जाऊ दे दादा. जगात असंच चालतंय." ते "जाऊ दे" धुळाजीला फार लागलं.

त्यानं तंबाखू पुन्हा पहिल्यापासून सोडली. या खेपेला बायनाबाईच्या गोळ्यांवर, घरात, कुणाला न सांगता. चाळीस दिवस लागले. चाळिसाव्या दिवशी हात स्थिर होता, पण ते दाखवायला जावं असं गावात कुणी उरलं नव्हतं.

नागप्पा एकदा बायकोला, नीलाबाईला, घेऊन घरी आला. धुळाजीनं घोंगडी टाकली, पाणी दिलं आणि समोर बसला. तासभर नीलाबाई आणि बायनाबाईच बोलत होत्या. जाताना नागप्पानं त्याचा हात धरला. धुळाजीनं तो सोडवून घेतला नाही, दाबलाही नाही. मीठ-मिरचीला तो पुढं कायम बीडला जात राहिला.

चिलीम सोडायची म्हणून कुणी कुणी त्यानंतरही त्याच्या दारात यायचं. बायनाबाई त्यांच्या समोर मिरची कांडायची, एकेक जिन्नस हातावर घेऊन दाखवायची आणि वळलेली पहिली गोळी स्वतः खायची. ती असं करायला बसली की धुळाजी उठायचा, पहार घ्यायचा आणि शिवाराकडं निघून जायचा.