उसवलेली पुस्तकं

“हात बघू.”

मामांच्या दारात उभं राहिलं की पहिलं वाक्य हेच. चष्मा कपाळावर चढवून ते पुढं वाकायचे. आपण तळवे दाखवायचे, मग उलटे करून दाखवायचे. तेवढ्यानं समाधान झालं नाही तर ते चक्क वास घ्यायचे. मे महिना, बंगळूरच्या मल्लेश्वरमात घराघरांत आंब्याच्या टोपल्या, आणि आम्ही मुलं कोपरापर्यंत रस ओघळवत खाणारी. “रसपुरी,” मामा वासावरून आंब्याची जात ओळखून निदान सांगायचे, “जा, साबण लावून ये.” एकदा माझा भाऊ साबण लावून गेला तरी परत पाठवला गेला. “धुतलो की मामा!” तो रडकुंडीला येऊन म्हणाला. “हात धुतलास. कोपर कुणी धुवायचं?”

हे मामा आमच्या नात्यातले कुणी नव्हते. आमच्या क्रॉसातल्या, म्हणजे आडव्या गल्लीतल्या, एका मोठ्या बंगल्यामागच्या आउटहाउसमध्ये ते एकटे भाड्यानं राहायचे. मूळचे बेळगावकडचे, रेल्वेच्या हापिसातून रिटायर झालेले. बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. घरात एक खाट, एक स्टोव्ह आणि बायकोची एक ट्रंक. ट्रंकेत मराठी पुस्तकं.

आता तुम्ही म्हणाल, बंगळुरात मराठी पुस्तकांचं एवढं काय? तर त्या काळी आमच्यासारख्या घरांत मराठी बोलायची भाषा होती, वाचायची नव्हे. आमचे पूर्वज केव्हाच्या काळी इकडं येऊन राहिले. घरात आम्ही अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलायचो, शाळा कन्नड. देवनागरी अक्षरं ओळखता यायची ती शाळेतल्या हिंदीच्या कृपेनं. मराठीत चोर असतात, राजकन्या असतात, विहिरीत पडणारे नायक असतात, हे आम्हांला मामांच्या दारात कळलं. दर वर्षी परीक्षा संपली की पाचवी-सहावीपासून हायस्कूलपर्यंतची सगळी मुलं तिकडं धावायची.

पण पुस्तकं थोडी, मुलं फार. यावर मामांनी जो उपाय काढला होता तसा मी पुढं कुठल्याही लायब्ररीत पाहिला नाही. ते पुस्तक उसवायचे. जाड पुस्तक म्हणजे पानांच्या लहान लहान जुड्या एकत्र शिवलेल्या असतात. त्या जुडीला ते फर्मा म्हणायचे. ब्लेडनं शिवण कापून ते फर्मे सुटे करत, प्रत्येकाला खाकी कागदाचं कव्हर घालत, वर आकडा टाकत आणि एकेका मुलाला एकेक फर्मा देत. आपला वाचून झाला की पुढचा ज्याच्याकडे असेल त्याला गाठायचं आणि अदलाबदल करायची. त्यामुळं उन्हाळाभर एकच गोष्ट आमच्या क्रॉसात तुकड्यातुकड्यांनी फिरत असायची. कुणी शेवट आधी वाचून बसलेलं, कुणी मधलंच. “चौथा कुणाकडं आहे रे?” अशी आरोळी कंपाउंडच्या भिंतीवरून ऐकू आली की बायका कपाळाला हात लावायच्या.

आमच्या आईला तर हे मुळीच पसंत नव्हतं. पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करायचा, आणि हा माणूस ब्लेड लावतो! एक दिवस ती तरातरा गेली, मागोमाग मी. “मामा, सरस्वतीला कापताय, हे सरी नव्हे, बरं नव्हे,” ती म्हणाली.

मामा सुईत दोरा ओवत होते. “पहिलं माझ्या मंडळींनी कापलं, अक्का,” ते म्हणाले. नवं लग्न झालेलं, रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये दोघंच. पुस्तक एकच आणि दोघांनाही दम नाही. शेवटी तिनं कात्री घेतली, शिवण कापली आणि अर्धं आपण घेऊन अर्धं त्यांच्या हातात दिलं. “शेवटाचं माझ्याकडं आलं. दोन दिवस मी तिला काय झालं ते सांगितलो नाही. तिनं मला जेवायला वाढलं नाही.” आई हसली. परत येताना मला म्हणाली, “जा बाई, वाच. पण नमस्कार करून वाच.”

एका उन्हाळ्यात चौथा फर्मा घेऊन आमच्यातली सरू कोलारला मावशीच्या घरच्या लग्नाला निघून गेली. तिसऱ्याच्या शेवटी नायकाला शत्रूनं विहिरीत ढकललेलं. पाचवा उघडला तर हा गृहस्थ पाटावर बसून जिलेबी खातोय. मध्ये काय झालं? सगळे खोळंबले. भावाचं मत, विहिरीत भुयार होतं. कुणी म्हणे नागानं वाचवलं. मी म्हणाले, शत्रूच्याच मुलीनं दोर सोडला असणार, आणि ते मला अजूनही पटतं. मामांना विचारलं तर ते दोन्ही हात वर करायचे, “मला काय माहीत? सरूकडं आहे.” शेवटी सरू आली. आम्ही तिच्यावर तुटून पडलो. विहिरीला पायऱ्या होत्या. तो पायऱ्या चढून वर आला.

आमची तोंडं बघून मामा इतके हसले की डोळे पुसायला चष्मा काढावा लागला. “तुम्ही रचलेलं तुमच्याजवळ ठेवा,” ते म्हणाले. “ते बरं आहे की पुस्तकापेक्षा.”

शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी सगळे फर्मे परत यायचे. आम्ही गोल करून बसायचो, कुणी दोऱ्याला मेण लावायचं, कुणी फर्मे दाबून धरायचं, आणि मामा पुस्तक पुन्हा शिवायचे. मग चुरमुरे, कॉफी, आणि टाटा.

यानंतरचं मला लहानपणी दिसत असून कळत नव्हतं. जूनपासून मार्चपर्यंत मामांकडे कुणीच जायचं नाही. शाळेला जाताना ते गेटपाशी उभे दिसायचे. आम्ही हात हलवायचो, तेही हलवायचे. थांबायला वेळ कुणाला होता? थंडीच्या दिवसांत कानाला मफलर गुंडाळून ते तिथंच उभे असायचे. उन्हाळा यायची वाट आमच्यापेक्षा तेच जास्त बघत असावेत.

मुलं मोठी होतात, त्याला कोण काय करणार? मोठ्या मुलांना संपिगे रोडवर भाड्यानं मिळणारी इंग्रजी पुस्तकं सापडली. भावाला क्रिकेट सापडलं. सरूचं लग्न ठरलं. मागून येणाऱ्या लहान मुलांना घरी मराठी बोलायलाही कंटाळा, ती वाचणार कुठून? दर एप्रिलला मामांच्या दाराशी गर्दी कमी होत गेली, आणि मी दहावीत जायच्या उन्हाळ्यात तिथं गेले तेव्हा मी एकटीच होते.

मामांनी तरीही पुस्तक उसवून ठेवलं होतं. फर्मे, कव्हरं, आकडे, सगळं नीट. त्यांनी मला पहिला फर्मा दिला.

“मामा, अख्खंच द्या की. आता मी एकटीच आहे.”

“अख्खं नेलीस तर उद्या कशाला येशील?”

म्हणाले आणि लगेच हसले, थट्टा केल्यासारखे. मीही हसले.

त्या उन्हाळ्यात मी रोज दुपारी गेले. रोज एक फर्मा. आदल्या दिवशीचा परत देताना त्यांना गोष्ट सांगायची, त्यांना ती पाठ असूनही. ते मध्येच हरकत घ्यायचे, मी भांडायचे. लोट्यातून कॉफी मिळायची. मी बोलत असताना ते माझ्याकडे न बघता माझ्या आवाजाच्या दिशेनं बघतात, हे हळूहळू माझ्या लक्षात आलं. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

मग एका दुपारी गेले तर खुर्चीवर उरलेले सगळे फर्मे दोऱ्यानं बांधून ठेवलेले. खाटेवर एक अनोळखी माणूस, हुबळीहून आलेला त्यांचा पुतण्या. डोळ्यांचं ऑपरेशन तिकडं करायचं ठरलं होतं.

“हे सगळं घेऊन जा,” मामा म्हणाले. “उद्या दुपारी गाडी आहे.”

मी गाठ सोडली, त्यातला वरचा एक काढला आणि बाकीचे त्यांच्या हातात परत दिले. “एकाला एकच. बाकीचं उद्या सकाळी.”

मामा तो गठ्ठा मांडीवर घेऊन त्यावर हात ठेवून बसले.

सकाळी मी गेले आणि त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पुतण्या भांडी बांधत आमच्यामधून ये-जा करत होता. एक फर्मा वाचून झाला की मी सुईत दोरा ओवून द्यायचे, मामा बोटांनी भोकं चाचपून तो शिवायचे. गोष्ट संपली तेव्हा पुस्तकही पुरं झालं होतं. “एप्रिलात येतो,” ते म्हणाले. “पुन्हा उसवू.” पुस्तक त्यांनी ट्रंकेत ठेवलं आणि ट्रंक जटक्यात, आमच्याकडच्या टांग्यात, चढली. डोळे दाखवून परत येणाऱ्या माणसाला ट्रंक कशाला लागते, हे मला तेव्हाही कळलं.

पावसाळ्यानंतर तो बंगला विकला गेला. तरी एप्रिलमध्ये परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन मी घरी न जाता सरळ तिकडं गेले. आउटहाउसच्या दाराला नवा रंग होता, दोरीवर लहान मुलाचे कपडे वाळत होते. कडी वाजवली. कडेवर मूल घेतलेली एक बाई बाहेर आली.

“यार बेकम्मा?” कोण हवंय, तिनं विचारलं.

“मामा,” मी म्हणाले.

“याव मामा?”

कुठले मामा. नाव सांगितलं असतं तर कदाचित तिनं आत विचारलं असतं, शेजारी विचारलं असतं. मी तोंड उघडलं, आणि तेव्हा लक्षात आलं, इतक्या उन्हाळ्यांत आमच्यापैकी एकानंही त्यांना त्यांचं नाव विचारलं नव्हतं. बाई मुलाला थोपटत माझ्या उत्तराची वाट बघत उभी राहिली.