डोलकाठीच्या तारा

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने जुनी शिडाची होडी घेतली, तेव्हा त्याला पोहता येत नव्हतं. अजूनही येत नाही. शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो शंभरेक माणसांवर साहेब आहे, त्यामुळे माहीत नसलेल्या गोष्टी आत्मविश्वासाने सांगायची त्याला सवय आहे. होडी बंदराजवळच्या एका आवारात ट्रेलरवर उभी होती. आधीच्या मालकाने ती कित्येक वर्षं पाण्यात घातली नव्हती. हे मेहुण्याने असं सांगितलं, की जणू त्यामुळे ती कोरी करकरीत राहिली होती.

मी रेल्वेच्या कारखान्यात डबे तपासते. वेल्डिंगमधल्या भेगा शोधणं हेच माझं गेल्या वीस वर्षांचं काम. बहिणीने मला बोलावलं ते म्हणूनच. त्याने बोलावलं नव्हतं.

एका शनिवारी सकाळी आम्ही दोघी मैलापूरहून रिक्षाने तिथे गेलो. तो पांढरे बूट आणि बिनबोटांचे हातमोजे घालून होडीवर उभा होता. डोलकाठी नुसत्या तारांच्या जोरावर उभी राहते, हे त्याने मला समजावून सांगितलं: एक तार पुढे, एक मागे, दोन्ही बाजूंना दोन-दोन. मग त्याने एक तार बोटाने छेडली आणि फोन तिच्याजवळ धरला. आवाजावरून ताण मोजणारं ॲप होतं म्हणे. डिसेंबरातल्या कचेऱ्यांना, म्हणजे कर्नाटक संगीताच्या मैफलींना, बहीण त्याला ओढून नेते आणि तो दुसऱ्याच गाण्याला घोरायला लागतो. तोच माणूस डोळे मिटून तारेला कान लावून बसला होता.

मी पर्समधून कापूस काढला आणि प्रत्येक तारेवरून खाली फिरवत नेला. उजव्या बाजूच्या लांब तारेला, अगदी तळाशी, जिथे ती स्टीलच्या नळीत दाबून बसवलेली असते तिथे, कापूस अडकला. दोन बारीक पदर तुटून वर आले होते. मी त्याला दाखवलं. तो वाकला, खिशातून कटर काढला आणि दोन्ही टोकं कापून टाकली.

"आता फिरवा, ताई," तो म्हणाला.

कापूस सरळ खाली गेला. त्याने बहिणीकडे बघून मान डोलावली.

पुढच्या शनिवारी मी भेगा शोधायचा लाल रंग विकत घेऊन गेले. नळी पुसून रंग मारला, थोडं थांबून पुसला आणि वर पांढरी फवारणी केली. पाहता पाहता पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटली, नळीच्या निम्म्या लांबीची. आवारातल्या होड्या सांभाळणारे एक म्हातारे कोळी होते. त्यांनी रेघ पाहिली आणि तमिळमध्ये एवढंच म्हणाले की या होडीत ते स्वतःच्या बैलालाही बसवणार नाहीत. माझ्या मेहुण्याने मला इंग्रजीत सांगितलं की या लोकांना ओंडके बांधून केलेल्या कट्टुमरमपलीकडचं काही कळत नाही. आणि रेघेबद्दल म्हणाला की रंग नीट पुसला गेला नसेल.

डोलकाठी किंचित डावीकडे कलली होती. ती सरळ करायला त्याने पाना घेतला आणि उजवीकडची तीच तार ताणायला बसला. बहिणीला त्याने मोजपट्टी धरून शेजारीच उभं केलं. मी म्हटलं, "ही तार ताणू नका." तो म्हणाला, "ताई, हा रेल्वेचा डबा नाही."

मी बहिणीला दंडाला धरून खाली उतरवलं, लांब नेलं आणि त्याच्याकडे बघत उभी राहिले. खरं सांगायचं तर मला ती तार तुटायला हवी होती.

पाच-सहा आट्यांनंतर ती तुटली. चाबकासारखा आवाज झाला, तार त्याची टोपी उडवून घेऊन गेली आणि डोलकाठी वरच्या बाजूला वाकून हलत राहिली. बाकीच्या तारांनी तिला धरलं. त्याच्या कपाळावर बोटभर लांब ओरखडा आला होता, बाकी काही नाही. मग तो म्हणाला की मी लावलेल्या केमिकलमुळे तार कमजोर झाली असणार.

बहिणीने त्याचं कपाळ पदराने पुसलं.

परतताना टी. नगरच्या गर्दीत रिक्षा अडकली, तेव्हा ती म्हणाली, "तुला माहीत होतं तुटणार."

"मी सांगितलं होतं त्यांना."

"एकदा. मला ओढून नेलंस. त्यांच्या हातातला पाना का नाही काढून घेतलास?"

मी म्हटलं, त्यांनी दिला असता का. ती बाहेर साड्यांच्या दुकानांकडे बघत राहिली. डोळा थोडक्यात वाचला, एवढंच नंतर म्हणाली.

त्याने सगळ्या तारा बदलून घेतल्या, त्याच म्हाताऱ्या कोळ्यांच्या देखरेखीखाली. आता घरी पाहुणे आले की लाल रंगाने भेग कशी शोधतात हे तो रंगवून सांगतो आणि ती त्यालाच सापडली होती असं सांगतो. मी तिथे असले तर मुकाट्याने ऐकते. तो काय आहे हे मला ठाऊकच होतं. त्या दिवशी मी काय केलं हे बहिणीलाही ठाऊक आहे, आणि तिने ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.